कुणाच्याच लग्नात न वाजलेलं गाणं

माझ्या धाकट्या बहिणीचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि नेमकी तीच माझ्याकडे नव्हती. साडी मागितली असती तर पारनेरच्या बाजारातून आणली असती. भांडी मागितली असती तर नवऱ्याशी दोन दिवस हुज्जत घालून का होईना, दिली असती. तिला हवं होतं गाणं. हळदीला वाजवायचं, आणि आजवर कुणाच्याच लग्नात न वाजलेलं.

"आक्का, तू गिटार वाजिवती ना? मग येक बनव की माझ्यासाठी," ती फोनवर म्हणाली. जणू मी पिठलं टाकलंच होतं आणि तिनं तिच्या वाटणीचं थोडं जास्त टाकायला सांगितलं.

मी हो म्हणाले. बहिणीला नाही म्हणायची मला सवय नाही, आणि हो म्हणायची तर फार वाईट खोड आहे. फोन ठेवल्यावर मी आमच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून राहिले. गाणं बनवतात म्हणजे नक्की काय करतात, कुठून सुरू करतात, काही कळेना.

तिनं असं का मागितलं ते आधी सांगायला हवं. तिचं पहिलं लग्न काष्टीला, आमच्या माहेरी झालं. दारात डीजे आणला होता आणि त्याच्या दणक्यानं गोठ्याचे पत्रे थरथरत होते. त्या वर्षी सगळ्या लग्नांत तीन गाणी चालायची. हळदीला तीच, वरातीला तीच, आणि तिची पाठवणी करतानाही त्या शहाण्या डीजेवाल्यानं त्यातलंच एक लावलं. दोन वर्षांनी ती परत आली. तिथं तिच्याबरोबर काय झालं ते तिनं आईला सगळं आणि मला अर्धं सांगितलं, आणि ते अर्धंसुद्धा मी इथं लिहिणार नाही. सोडचिठ्ठी व्हायला वर्षं गेली. मधल्या काळात ती गावातल्या दूध डेअरीत लागली, दुधाचं फॅट बघायच्या कामाला, आणि तिचं बोलणं कमी कमी होत गेलं.

ती तीन गाणी मात्र काही जुनी झाली नाहीत. लग्न कुणाचंही असो, त्यातलं एक लागतंच, आणि लागलं की माझी बहीण उठून जाते. चुलतभावाच्या हळदीला मी तिला शोधत गेले तर ती घरामागं पाण्याच्या टँकरपाशी आधीच धुतलेले पेले पुन्हा धूत बसली होती. मी म्हटलं, "अगं, गाणंच आहे ना ते?" ती म्हणाली, "त्या गान्यात मला मीच दिसते, आक्का. दोन्ही हात फुडं करून बसलेली, हसत. येडी कुठली." मीही एक पेला उचलून धुवायला लागले.

आता ठरलेला मुलगा राहात्याचा. बायको वारलेली, पेरूची बाग, माणूस सरळ. बघायला आला तेव्हा त्यानं तिला एकच प्रश्न विचारला, "तुमाला पेरू आवडतो का?" ती हो म्हणाली आणि लग्न ठरलं.

हळदीचं ऐकून घरात सगळ्यात आधी आत्या बिथरली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती काष्टीला आमच्याच घरी राहते. "म्होतराला कसली आली हळद?" ती म्हणाली. म्होतूर म्हणजे बाईचं दुसरं लग्न. पूर्वी ते दिवस मावळल्यावर चार माणसांत उरकून टाकायचे. हळद नाही, वाजंत्री नाही, आणि नवरीचं तोंड उजाडेपर्यंत कुणी बघायचं नाही. आत्याचं स्वतःचं दुसरं लग्न तसंच झालं होतं. पहिला नवरा गेला तेव्हा ती अजून पोरच होती. दुसरा शेवटपर्यंत तिच्याशी नीट वागला, पण हळद तिला लागली ती पहिल्याच लग्नात, आणि तेव्हा ती इतकी लहान होती की तिला ती आठवतही नाही. त्यामुळे आत्या आता रागावली होती की दुखावली होती, हे मला ओळखता येईना.

बहिणीनं काही मनावर घेतलं नाही. "हळद लागनार. दिवसा लागनार. आन् गानं आक्काचं," तिनं सांगून टाकलं.

"लावा की," आत्या म्हणाली. "मी न्हाई हात लावायची."

आता माझ्या गिटारीचं सांगते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी थांब्याला लागून आमची पिठाची गिरणी आहे. नवरा शेती बघतो, मी गिरणी बघते. गिरणीमागच्या दोन खोल्यांत शाळेच्या मॅडम भाड्यानं राहतात. त्या नगरच्या, ख्रिश्चन. दर रविवारी चर्चसाठी नगरला जातात आणि तिथं उपासनेला गिटार वाजवतात. लाईट गेली की आमची गिरणी थांबते, आणि गिरणी थांबली की भिंतीपलीकडून त्यांची गिटार ऐकू येते. एकदा मी पिठानं माखलेल्या हातांनीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी हात धुवायला लावले आणि मग त्यांची जुनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. तिची एक खुंटी ढिली आहे, सारखी पिळावी लागते. गावानं महिनाभर हसून घेतलं, मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि लोकांना हसायला दुसरी माणसं मिळाली.

दोनेक वर्षांत मला चार-पाच कॉर्ड आणि डझनभर गाणी आली. पण आली म्हणजे कशी, तर मॅडमनी दाखवली तशीच्या तशी. बोट इथं, मग तिथं, मग पुन्हा इथं. शाळेत पाढे पाठ केले तशी मी गाणी पाठ केली होती. बाराचा पाढा येणाऱ्याला कुणी 'आता तुझा स्वतःचा पाढा म्हण' असं सांगितलं तर तो काय म्हणेल? तिथंच माझं घोडं पेंड खात होतं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोपं आहे ताई. काहीही वाजवा."

"काहीही म्हणजे काय?"

"काहीही म्हणजे काहीही. आधी ठरवू नका. हात जाईल तिकडं जाऊ द्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. दुसऱ्या दिवशी ऐका. त्यात कुठंतरी दोन ओळींची चाल पडलेली सापडते. ती उचलायची."

मला रागच आला. मी विचारलं होतं गाणं कसं करतात, आणि ही बाई मला काहीच न करायला सांगत होती. गिरणीवर एखादी डबा घेऊन आली आणि म्हणाली 'काहीही दळा', तर मी तिला डब्यासकट परत पाठवीन. मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम हसल्या आणि त्या स्वतः हे कशा शिकल्या ते त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी चर्चचे पाळक उपासनेला कायम उशिरा यायचे. लोक येऊन बसलेले असत. शांतता जरा लांबली की माणसं गप्पा मारायला लागत, शेतीपाण्याच्या, सुनांच्या. म्हणून वडीलधाऱ्यांनी या पोरीला बसवलं, पाळक येईपर्यंत वाजवत राहा म्हणून. पण ओळखीचं भजन वाजवलं की लोक लगेच मोठ्यानं म्हणायला लागायचे, आणि पाळकांच्या आधी उपासना सुरू होऊन जायची. म्हणून कुणाला ओळखू येणार नाही असंच काहीतरी वाजवायचं, आणि पाळक कधी टपकतील याचा नेम नाही म्हणून संपवायचं कुठं तेही ठाऊक नाही. "पाच-सहा वर्षं हेच केलं मी," मॅडम म्हणाल्या. "गाणी त्यातूनच आली."

ऐकायला छान वाटलं. पण आमच्या गिरणीत पाळक कुठून आणायचे?

दुसऱ्या दिवशी दुपारी थ्री फेज लाईट गेली तशी मी गिटार घेऊन बसले आणि हातच हलेना. मनाई कशालाच नव्हती, आणि त्यामुळेच बोट कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. शेवटी डोळे मिटून कुठंतरी ठेवलं, तार छेडली, मग दुसरी छेडली. दहा-पंधरा मिनिटं काहीतरी वाजलं. मला वाटलं, जमतंय की! संध्याकाळी मोबाईलवर ऐकलं तर त्यात आधी गणपतीची आरती होती, मग टीव्हीवरच्या एका मालिकेची सुरुवात, मग साबणाची जाहिरात. आणि शेवटी, हुबेहूब, बहिणीच्या त्या तीन गाण्यांतलं एक. मी घाबरून ते पुसूनच टाकलं. माझ्या हातांत हे सगळं कधी जाऊन बसलं होतं, कुणास ठाऊक. मी तर ते कधी शिकलेही नव्हते.

रोज तेच. काही वेगळं वाजवायला जावं आणि चार सुरांनंतर ओळखीच्या रस्त्याला लागावं. दळणाला आलेल्या बायांना तर ओळखायचा नादच लागला. "ह्ये त्या मालिकेचं हाय!" एक म्हणायची. "न्हाई गं, आमच्या पोरीच्या शाळेत प्रार्थनेला म्हनत्यात त्ये," दुसरी म्हणायची. त्यांचे वाद रंगत आणि मी खजील होऊन पीठ भरून देई.

मॅडमनी मग एक युक्ती सांगितली. सगळ्यात जाड तार सारखी वाजती ठेवायची, म्हणजे एक सूर कायम राहतो, आणि त्याच्यावर बारीक तारांनी हिंडायचं. मी विचार केला, कायम राहणारा सूर तर माझ्याकडे आयता आहे. गिरणीची मोटर दिवसभर एकाच सुरात घुमते! मी जाड तार पिळून पिळून मोटरीच्या घुमण्याला जुळवली आणि बाकीच्या तिला. आठवडाभर झकास चाललं. गिरणी चालू, दळण पडतंय, आणि मी डब्यांच्या मागं बसून वाजवतेय. दाणे जास्त पडले की मोटर दमून जरा खाली यायची, तेव्हा मीही तार ढिली सोडून तिच्याबरोबर खाली यायची. मला वाटलं, सापडला रस्ता.

लाईट नसताना मॅडमनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. त्यांनी त्यांची गिटार आणून शेजारी वाजवली. माझी एकही तार कुठल्याच सुरात नव्हती, सगळ्या दोन सुरांच्या मध्ये लोंबकळत होत्या. मी गिटार मोटरीला जुळवली आहे हे कळल्यावर त्या पोत्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "ताई, जगातल्या कुठल्याच वाद्याला ही जुळायची नाही!" त्या गेल्यावर मी तेच पुन्हा वाजवून पाहिलं. गिरणी बंद असताना ते वाजवणं मला परक्याचं वाटलं. आठवडाभर चाल मी करत होते का मोटर, तेही मला सांगता येईना. काष्टीला तर गिरणी नव्हती. मी मुकाट्यानं सगळ्या तारा मॅडमच्या गिटारीला जुळवून घेतल्या आणि आगीतून फुफाट्यात आल्यासारखी बसले. लग्न तुळशीच्या लग्नांनंतरचं धरलं होतं आणि दिवाळी तर होऊन गेली होती.

त्या दिवसांत नवी बाजरी निघालेली असते. गिरणीवर रोजचं एक भांडण ठरलेलं असतं. जिचा गहू असतो ती म्हणते, "बाजरीवर माजा गहू टाकू नगं." कारण दगडांत आधीच्या धान्याचं पीठ उरतं, आणि बाजरीनंतर गहू टाकला की पहिलं पीठ काळपट येतं. अशा वेळी मी मूठ-दोन मुठी गहू आधी दळते, ते पीठ कोंबड्यांसाठी बाजूला ठेवते, आणि मग तिचा डबा ओतते. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून करतेय. त्या दिवशी अशाच एका बाईनं माझ्याशी भांडण काढलं, "हात घालून काडलंस तरी ऱ्हातंच की त्यात!" आणि मी तिला तोऱ्यात म्हटलं, "काढायचं कशाला? दळून जाऊ द्यायचं." म्हटलं आणि हातातला डबा तसाच खाली ठेवला.

मी इतके दिवस नेमकं उलट करत होते. ओळखीचं गाणं बोटांत आलं की दचकून थांबायची, पुसायची, पुन्हा सुरू करायची. आत हात घालून घालून पीठ काढत होते.

मग मी थांबायचं सोडलं. दुपारी बसायचं आणि जे येईल ते येऊ द्यायचं. आरती आली, येऊ दे. साबण आला, येऊ दे. ती तीन गाणीसुद्धा आली, आणि ती वाजवताना मला बहिणीची फसवणूक केल्यासारखं वाटलं, पण येऊ दिली. अर्ध्या तासानं ओळखीचं सगळं संपून हात नुसता रिकामा हलत राहायचा. कंटाळा यायचा, जांभया यायच्या. एकदा त्या कंटाळ्यात एक बारीकशी चाल आली. तीन पायऱ्या चढायची, काही विसरल्यासारखी थबकायची, आणि आली त्या वाटेनं न उतरता दुसरीकडूनच खाली यायची. मोबाईल चालू होता म्हणून सापडली.

मी आनंदानं वेडी व्हायला हवं होतं. पण मला शंकाच खाऊ लागली. ही खरंच माझी, का मी विसरलेलं कुणाचं तरी? परीक्षा घ्यायची म्हणून गिरणीवर आलेल्या बायांना ऐकवली. एक म्हणाली, कीर्तनात ऐकलंय. दुसरी म्हणाली, तिच्या माहेरी राहुरीकडं नागपंचमीला म्हणतात. तिसरी म्हणाली, ही तर मोबाईलची रिंग. सगळ्यांना ओळखीची वाटली, आणि प्रत्येकीची ओळख वेगळी. मग ती कुणाचीच नाही, का सगळ्यांची? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "चांगलं हाय. जेवायला वाढ."

शब्दांचं तर विचारूच नका. मी डझनभर ओळी जुळवल्या आणि प्रत्येक ओळ लग्नपत्रिकेच्या तळाशी छापतात तशी निघाली. सुख आलं की त्याला मुख जुळायचं, संसार आला की त्यापाठोपाठ हार यायचा. बहिणीच्या वाट्याला आलेल्या सगळ्या गोष्टींबद्दल असं यमकात कसं बोलायचं? मला लाज वाटली आणि मी शब्द सोडून दिले.

शेवटी फोनवर तिला नुसती चाल वाजवून दाखवली.

"आवडली का?" मी विचारलं.

"ह्ये त्यातलं न्हाई ना, आक्का?"

"नाही गं. शपथ नाही."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. आवडली का ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, तिला तेव्हा आवडनिवड करायचीच नव्हती. तिला फक्त हळदीच्या पाटावर शेवटपर्यंत बसायचं होतं.

हळद काष्टीला, घरापुढच्या अंगणात, सकाळी उन्हं वर आल्यावर लागली. डीजे नाही, मांडव छोटा, माणसं घरचीच. नवरदेवाकडच्या बायका राहात्याहून त्याची उष्टी हळद आणि पेरूचे दोन क्रेट घेऊन टेम्पोतून आल्या होत्या. आई हळद कालवत होती. आत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. बहीण पाटावर बसली. तिनं दोन्ही हात पुढं केले. मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर गिटार घेऊन बसले होते आणि ढिली खुंटी पुन्हा पुन्हा पिळत होते.

आई म्हणाली, "सुरू कर."

मी सुरू केलं. पहिले चार सूर वाजले. ते माझ्या चालीचे नव्हते. ते त्या तीन गाण्यांतल्या एकाचे होते, तिला पाठवताना लावलं होतं त्याचे. त्या सकाळी घाईगडबडीत मी ओळखीचं सगळं आधी वाजवून हात मोकळा केलाच नव्हता. राहात्याच्या एका बाईनं लगेच ओळखलं आणि ती शब्द म्हणायला लागली. बहिणीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिचे हात तसेच पुढं होते. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही.

थांबावं तर सगळ्यांना कळणार का थांबले ते, आणि तिच्या दुसऱ्या हळदीत तिचं पहिलं लग्न येऊन बसणार. चालू ठेवावं तर ती उठून जाणार. मी चौथ्या सुरावरचं बोट उचललंच नाही. तार तशीच ओढून धरली. ती बेसूर होत वर गेली, कानाला बोचेल इतकी. मग ते गाणं जिथं चढतं तिथं मी उतरले. पुन्हा तेच चार सूर घेतले आणि पुन्हा दुसरीकडं वळवले. मला माझी पाठ केलेली चाल आठवत नव्हती. तिचा एखादा तुकडा मधूनच यायचा, तोही उलटा. काय वाजतंय, पुढं काय येणार, बरं होतंय का वाईट, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एवढंच बघत होते की हे ते गाणं होता कामा नये. राहात्याची बाई दोन-तीन शब्द म्हणून अडखळली, शेजारणीकडं बघून हसली आणि गप्प झाली. तिचं गाणं तिच्या हातातून निसटलं होतं.

बहीण उठली नाही. आई तिच्या गालाला हळद लावत होती, आणि बहिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सगळ्या बायका बघायला लागल्या.

"काय गं, रडती का?" आईनं घाबरून विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "हळद गेली डोळ्यात."

डेअरीत दूध घालणारी एक शेजारीण तिथं होती, मोठी वात्रट बाई. तिनं टाळी वाजवली आणि मी जे काही वाजवत होते त्याच्यावर ते वाक्य चढवून दिलं:

"हळद गेली डोळ्यात, काई दिसंना बाई..."

बायका हसल्या आणि सगळ्यांनी ते उचललं. ओळ खाली यायची तिथं मी तोच सूर वाजवत राहिले, कारण पुढची ओळ कुणालाच माहीत नव्हती. बायका पुन्हा पहिलीच ओळ म्हणाल्या. पुन्हा तिथंच येऊन अडल्या. आणि तेव्हा माझ्या बहिणीनं, जी डेअरीत दिवसभर चार शब्द बोलत नाही, तिनं डोळे मिटलेले ठेवून बारीक आवाजात पुढची ओळ म्हटली:

"पुसायला कुनाचा पदर, हाय का न्हाई..."

कुणी हसलं नाही. आईचे दोन्ही हात हळदीत होते. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

ओसरीवरून आत्या उठली तसा माझा हात तारांवर थांबला. गुडघ्यावर हात देत, पुटपुटत खाली आली. बायका बाजूला सरकल्या. "आंदळी होशील की मेले, उघड डोळा," ती म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं बहिणीचा डोळा पुसला, मग दुसरा. पुसताना तिची बोटं, तळहात, पदर, सगळं पिवळं झालं. ते बघून ती जागच्या जागी थांबली. हात कुठं पुसावा ते तिला कळेना. बहिणीनं तिचं मनगट धरलं आणि तो हात स्वतःच्या दुसऱ्या गालावर, जिथं अजून हळद लागली नव्हती तिथं, दाबून धरला.

आत्यानं हात ओढून घेतला नाही. तो तिनं हळूहळू गालावरून हनुवटीपर्यंत फिरवला, नीट, सगळीकडं सारखा. मग मान वळवून तिनं माझ्याकडं रागानं बघितलं.

"तू का थांबली?" ती म्हणाली. "वाजीव की गं."